खातं कोणाच्या नावावर?

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर असलेलं सेगाव हे जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतलं लहानसं खेडं. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी तिथे राहायला आले आणि देशभरातली पत्रं सेगावच्या नावाने येऊ लागली. पंचाईत अशी, की बुलढाणा जिल्ह्यात शेगाव होतंच. रेल्वेमार्गावरचं मोठं गाव, त्यात गजानन महाराजांमुळे सगळ्यांच्या ओळखीचं. टपाल तिकडे भरकटू लागलं. अखेर १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं आणि पत्रं ठिकाणावर पोचू लागली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कारकिर्दीत तर सरकारने आश्रमात थेट दूरध्वनीच बसवला. त्याची पेटी आश्रम पाहायला जाणाऱ्यांना आजही दाखवतात.

त्याच सेवाग्राममध्ये आज वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वसतिगृहं आहेत, सामाजिक संस्था आहेत. आजूबाजूच्या तालुक्यांत शाळा, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. यातली जी जी संस्था आपली वेबसाइट, हिशेब किंवा नोंदी भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर न्यायला निघते, तिच्यापुढे पहिल्याच पानावर एक रकाना येतो: ईमेल पत्ता. समोर बसलेला माणूस बहुधा फार विचार न करता स्वतःचाच पत्ता टाकतो. पुढच्या पाचदहा वर्षांत होणाऱ्या बऱ्याचशा घोळांची सुरुवात तिथे झालेली असते.

क्लाउड म्हणजे हवेतली काही वस्तू नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आपली डेटा केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनच्या वेब सर्व्हिसेसने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत. वर्ध्यातल्या एखाद्या संस्थेच्या नोंदी क्लाउडवर आहेत म्हणजे त्या मुंबईतल्या, पुण्यातल्या किंवा आणखी कुठल्या शहरातल्या एखाद्या इमारतीत, भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर आहेत. तिथल्या पहारेकऱ्यांची, वातानुकूलनाची, जळालेली डिस्क बदलण्याची काळजी ती कंपनी वाहते. पण यंत्रांवर हुकूम कोणी चालवायचा, हे ठरतं भाडेकरूच्या लॉगिनवरून. ती जबाबदारी कुठलीच कंपनी स्वतःकडे घेत नाही, आणि करारात तसं स्वच्छ लिहिलेलंही असतं.

खातं उघडायला दहापंधरा मिनिटं पुरतात. ईमेल, पासवर्ड, फोन नंबर, कार्ड. एवढं झालं की एक मुख्य लॉगिन तयार होतं. ॲमेझॉनकडे त्याला रूट यूजर म्हणतात. मायक्रोसॉफ्टकडे ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर आणि गुगलकडे सुपर ॲडमिन ही त्याच्या जवळपासची पदं. यातलं रूट सर्वांत बेलगाम. खात्यातल्या इतर कर्मचाऱ्यांना परवानग्यांचे नियम लावता येतात: याने फक्त बिलं पाहावीत, तिने फक्त अमुक फाइल उघडाव्यात. एकट्या खात्यात रूटला असा कुठलाच नियम लागू करता येत नाही. तो नवी यंत्रं सुरू करू शकतो, जुनी पुसू शकतो, बॅकअप मिटवू शकतो, कार्ड बदलू शकतो, आणि मनात आलं तर अख्खं खातंच बंद करू शकतो.

हे हातातून गेलं तर काय होतं, याचा सर्वांत भयंकर दाखला २०१४ चा आहे. कोड स्पेसेस ही कंपनी प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळून ठेवत असे. तिचा सगळा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता, आणि वेगवेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवतो, अशी तिची जाहिरातही होती. १७ जूनला तिच्या सर्व्हरवर खोट्या वाहतुकीचा लोंढा सोडण्यात आला. कंपनीची माणसं तो थोपवण्यात गुंतली असताना लक्षात आलं, की कोणीतरी ॲमेझॉनच्या नियंत्रण पानावरच शिरून बसलंय आणि तिथे खंडणीचा निरोप ठेवून गेलंय. कंपनीने घाईने पासवर्ड बदलले. पण घुसखोराने तोवर आतल्या आत स्वतःसाठी आणखी लॉगिन करून ठेवली होती. आपल्याला हुसकावलं जातंय हे दिसताच त्याने पुसायला सुरुवात केली: यंत्रं, डिस्क, त्यांच्या प्रती. सुमारे बारा तासांत बहुतेक डेटा, बहुतेक बॅकअप आणि यंत्रांची मांडणी नाहीशी झाली. बॅकअप 'दुसरीकडे' होते खरे, पण त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट त्याच नियंत्रण पानातून जात होती. व्यवसाय पुढे चालवणं शक्य नाही, असं जाहीर करून कंपनीने दार लावून घेतलं.

बारा तासांत बुडालेली ही कंपनी लहान होती, म्हणूनच ती आपल्याकडच्या संस्थांना जास्त जवळची. मोठ्या बँकेकडे सुरक्षेचा वेगळा विभाग असतो, रात्रपाळीची माणसं असतात. तालुक्याच्या पतसंस्थेत 'कॉम्प्युटरवाले' म्हणजे एकच जण, आणि तोच वार्षिक सभेचा अहवालही टाइप करतो.

इथे इस्पितळांचा विचार करायला हवा, कारण नोंदी गेल्याची सर्वांत मोठी झळ तिथेच बसते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी केली. खेड्यात सुरू झालेलं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय.  संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणल्या. अनेक शहरी इस्पितळं कागदांच्या गठ्ठ्यांत बुडालेली असताना एका ग्रामीण रुग्णालयाने हे करावं, ही दखल घेण्याजोगी गोष्ट. एकदा केसपेपर, तपासण्या, औषधं, बिलं अशा तऱ्हेने एका प्रणालीत गेली, की ती प्रणाली चालवणारं मुख्य लॉगिन शस्त्रक्रियागृहाइतकंच जपावं लागतं, मग ती स्वतःच्या सर्व्हरवर असो की क्लाउडवर.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले, तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने लिहून काम रेटावं लागलं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या बिलं आणि विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीत चोर शिरले, ते चोरलेल्या एका लॉगिनने. ज्या दारातून ते आत आले, त्याला पासवर्डखेरीज दुसरी कुठलीच पडताळणी नव्हती. तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर हे कबूल केलं, २.२ कोटी डॉलरची खंडणी दिल्याचंही सांगितलं. १९ कोटींच्या आसपास लोकांची माहिती त्या एका दारातून गेली. ही दोन्ही प्रकरणं क्लाउडच्या रूट खात्याची नव्हेत, पण दुसऱ्यातली चूक अगदी त्याच जातीची आहे.

तर पुन्हा त्या ईमेलच्या रकान्याकडे. शेत कोणीही कसो, बँक कर्ज देताना सातबारा मागते आणि त्यावर ज्याचं नाव त्यालाच विचारते. क्लाउड कंपनीच्या लेखी खात्याचा मालक ठरवताना त्या ईमेलला असंच वजन असतं. पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्याच पत्त्यावर जातो, बिल थकल्याची सूचना तिथेच जाते, आणि 'तुमच्या खात्यात संशयास्पद हालचाल दिसतेय' हा इशाराही तिथेच. दुसरी पडताळणी लावलेली नसेल, तर ज्याच्या हाती ती मेलपेटी त्याच्या हाती खातं.

हा पत्ता आपल्याकडे कोणाचा असतो? वेबसाइट करून देणाऱ्या नागपूरच्या एखाद्या एजन्सीचा. संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याचा, कारण 'त्याला यातलं कळतं'. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून संस्थेचं काम करून दिलेल्या विद्यार्थ्याचा, जो आता बंगळुरूत नोकरीला लागलाय. यांपैकी कोणीही लबाड असायची गरज नाही. एजन्सी बंद पडते, पुतण्याचं आणि काकांचं बिनसतं, विद्यार्थ्याचा कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद होतो. आणि मग संस्थेचे पदाधिकारी स्वतःच्याच नोंदी परत मिळवण्यासाठी अर्ज, ठरावाच्या प्रती आणि नोंदणी प्रमाणपत्रं जोडत बसतात.

म्हणून पहिलं काम खातं उघडण्याच्याही आधीचं आहे: संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर एक वेगळी मेलपेटी. तिचं नाव पदावरून वा कामावरून ठेवावं, माणसावरून ठेवू नये. तिच्यात आलेला मजकूर किमान दोन जबाबदार माणसांना दिसला पाहिजे. आणि हा पत्ता संस्थेच्या पत्रकावर किंवा वेबसाइटवर छापायचा नाही, कारण चोराला अर्धं लॉगिन आयतं मिळतं. डोमेनचं वार्षिक नूतनीकरण चुकलं, तर दुसरा कोणी ते डोमेन विकत घेऊ शकतो आणि त्यासोबत ती मेलपेटीही उभी करू शकतो. वर्षाचे हजारभर रुपये भरायचे राहिले म्हणून असं घडणं फारच लाजिरवाणं.

फोन नंबरचंही तेच. खातं सोडवण्याच्या वेळी कंपनी नोंदवलेल्या नंबरवर फोन करते. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. निवृत्त कारकुनाचं जुनं सिम बंद पडलं असेल, तर पडताळणीचा तो फोन परक्याच माणसाला जायचा. संस्थेच्या नावावरचं, रिचार्ज चालू असलेलं सिम असणं एवढाच त्यावर उपाय आहे.

पासवर्डपलीकडच्या दुसऱ्या पडताळणीची भारतीय माणसाला नवलाई नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन खरेदीला ती सक्तीची केली, आणि ओटीपी हा शब्द भाजीवाल्यापासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. रूट खात्याला मात्र एसएमएसवर विसंबू नये. सिमची दुसरी प्रत काढून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतात. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. खात्याशी जोडताना ॲपला एक गुप्त मजकूर मिळतो. मग फोन आणि कंपनीचा सर्व्हर दोघंही तो मजकूर आणि घड्याळातली वेळ यांचं गणित मांडून दर तीस सेकंदांनी तोच सहा आकडी क्रमांक काढतात. दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नाही. मोबाइलला रेंज नसली तरी क्रमांक मिळतो, ही जिल्ह्याच्या आतल्या भागात काही छोटी सोय नव्हे. घड्याळ मात्र बरोबर हवं.

ॲपची उणीव वेगळी आहे. हुबेहूब लॉगिनचं खोटं पान समोर आलं आणि घाईत तिथे तो क्रमांक टाकला, की चोर तोच क्रमांक पुढच्या काही सेकंदांत खऱ्या पानावर वापरतो. फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली, म्हणजे पासकी, किंवा यूएसबीमध्ये लावायची सुरक्षा किल्ली इथे फसत नाही. ती कोणत्या वेबपत्त्यासाठी बनली हे तिच्यात नोंदलेलं असतं. पत्ता बदलला की ती उत्तरच देत नाही, मग बसलेला माणूस कितीही भोळा असो. गुगलने २०१७ पासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर कामाच्या खात्यांवर अशा फसवणुकीला कोणी बळी पडल्याची एकही खात्रीशीर घटना नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं. अशा दोन किल्ल्या घ्यायला काही हजार रुपये पडतात. संस्थेच्या दिवाळी अंकाच्या छपाईपुढे हा खर्च किरकोळ आहे.

दोन घ्यायच्या, कारण एक हरवणारच. ॲमेझॉन एका रूट यूजरला आठपर्यंत उपकरणं जोडू देतं. एक अध्यक्षांकडे, एक संस्थेच्या तिजोरीत. पासवर्ड लांबलचक असावा, कुठेही न वापरलेला, आणि तो कागदावर लिहून सीलबंद पाकिटात ठेवायला काहीच हरकत नाही. 'पासवर्ड कागदावर लिहू नका' हा सल्ला रोजच्या, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी होता. वर्षातून दोनदा लागणाऱ्या पासवर्डसाठी तिजोरी उत्तम. फक्त पाकीट आणि किल्ली एकाच कप्प्यात नकोत. पासवर्ड जाणणारा एक आणि उपकरण बाळगणारा दुसरा अशी विभागणी केली, की रूट उघडायला दोन माणसं एकत्र यावी लागतात. मायक्रोसॉफ्टही अशीच आणीबाणीची दोन खाती वेगळी काढून ठेवायला सांगतं.

वर्षातून दोनदाच, हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण रूटवाचून अडणारी कामं खरोखर मोजकी असतात: खात्याचा ईमेल बदलणं, खातं बंद करणं, प्रशासकांनी चुकून स्वतःचीच परवानगी काढून टाकली तर ती परत देणं, अशी. बाकी रोजच्या सगळ्या कामासाठी पहिल्याच दिवशी एक वेगळा प्रशासक यूजर तयार करायचा, त्यालाही दुसरी पडताळणी लावायची, आणि रूटमधून बाहेर पडायचं.

प्रोग्रामरांसाठी आणखी एक सापळा आहे, तो म्हणजे ॲक्सेस की. माणूस पासवर्डने आत जातो, प्रोग्राम या कीने. ती रूटच्या नावाने बनवली, तर पान न उघडता, दुसरी पडताळणी न विचारता कोणताही प्रोग्राम मालक होऊन बसतो. शिकणारी मुलं ती कोडमध्येच लिहून टाकतात आणि कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुला ठेवतात. अशा चुका हुडकणारे स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात. काही मिनिटांत की सापडते, जगभरातल्या केंद्रांत महागडी यंत्रं चालू होतात, त्यांवर कोणीतरी आभासी चलन खणतो आणि बिल येतं विद्यार्थ्याच्या बाबांच्या कार्डावर. जुलै २०२५ पासून ॲमेझॉनने नवशिक्यांना ठरावीक रकमेच्या मोफत योजनेत आपण होऊन वरच्या योजनेत जाईपर्यंत बिल न लावण्याची सोय केली, तेव्हा ही भीती थोडी कमी झाली. संस्थेच्या खात्याला मात्र अशी ढाल नसते. खर्चाची मर्यादा ठरवून इशारा मागवता येतो, पण तो इशाराच असतो. वेगळी व्यवस्था लावलेली नसेल, तर यंत्रं बंद करायला कोणालातरी तो वाचावा लागतो.

वाचायचं काय, हाही प्रश्न आहेच, कारण चोरी लगेच दिसतेच असं नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीतला गांधीजींचा चष्मा २०१० च्या अखेरीस चोरीला गेला आणि लोकांना ते कळलं २०११ च्या जूनमध्ये. संगणकावरच्या चोरीत तर जागाही रिकामी दिसत नाही, कारण चोर प्रत घेऊन जातो. म्हणून रूटने लॉगिन झालं की लगेच दोनतीन जणांना मेल जाईल अशी व्यवस्था लावतात. ज्या लॉगिनला महिनोन्महिने हात लागायचा नाही, त्याच्या वापराचा एक मेलसुद्धा पुरेसा बोलका असतो. कोणी काय केलं याची नोंद ॲमेझॉन आपणहून नव्वद दिवस दाखवतं. पण भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवायची आहे. म्हणजे नोंदी वेगळ्या साठवण्याची सोय खातं उघडतानाच करून घेतलेली बरी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तालुक्याच्या संस्थेला एवढा दंड होईल असं कोणी म्हणत नाही, पण कायदा तिलाही लागू होऊ शकतो.

कंपन्यांनाही आता लोकांच्या आळसाची खात्री पटली आहे. ॲमेझॉनने २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने रूट यूजरला दुसरी पडताळणी सक्तीची करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून आपल्या ॲझ्यूर पोर्टलसाठी तेच केलं. त्यामुळे नवं खातं उघडणाऱ्याला ही पायरी फार दिवस टाळता येत नाही. मात्र कोणाचा फोन जोडायचा, हे विचारणारं कोणी नाही. घाईत ज्याचा फोन हाताशी असतो त्याचा जोडला जातो, आणि मग सक्तीमुळे संस्थेऐवजी त्या एका माणसाचीच पकड खात्यावर आणखी घट्ट होते. तो कामावर आहे तोवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्यांची खाती आधीच अशी कोणाच्या तरी खासगी ईमेलवर उघडली गेली आहेत, त्यांना नवं खातं काढून सगळा संसार हलवायची गरज नाही. रूटने लॉगिन करून खात्याच्या सेटिंगमध्ये ईमेल बदलता येतो. नव्या पत्त्यावर आलेला पडताळणीचा क्रमांक टाकला की काम होतं. त्यानंतर पासवर्ड बदलायचा, जुनं उपकरण काढून संस्थेची दोन जोडायची, फोन नंबर दुरुस्त करायचा, रूटची ॲक्सेस की असेल तर पुसायची. तासाभराचं काम. त्यासाठी आधी जुन्या ईमेलने आत जावं लागतं आणि दुसरी पडताळणीही जुन्याच माणसाच्या फोनवर होते. म्हणून एजन्सीचं शेवटचं बिल चुकतं करायच्या आधी, किंवा त्या विद्यार्थ्याची बंगळुरूची गाडी सुटायच्या आधी, त्याला शेजारी बसवून हा तास काढायचा असतो.